स्वतंत्र गीतकारांचा मेळावा : दीक्षाभूमीचा दाखला

स्वतंत्र गीतकार व रसिक ह्यांचा मेळावा योजू पाहणाऱ्याने प्रथम नागपूरची दीक्षाभूमी पाहावी. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी येथे लाखो लोक जमतात. तिथी व स्थळ ठरलेले असल्याने गायकास श्रोता शोधावा लागत नाही. भीमगीतांच्या पुस्तिका व ध्वनिफिती येथूनही गावोगाव गेल्या.

परंतु गीत जितके पसरते, तितका त्याचा कर्ता झाकला जातो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) संतांच्या अभंगांप्रमाणे अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा घालीत. वेष्टनावर नाव नसले तरी ते कानी पडेच. ते कडवेच गाळले, की कर्ताही गळाला! म्हणून मंडपाच्या खर्चाआधी संयोजकांनी एवढे ठरवावे : निवेदकाने प्रत्येक गीतापूर्वी गीतकाराचे नाव उच्चारावे, आणि त्याच्या पुस्तिकांची विक्री त्याच्याच हाती राहावी.