शिरपाव, आहेर आणि परदेश

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत मान्यवर पाहुण्याच्या गळ्यांत केशरी वस्त्र घालतात, त्यास सिरोपा म्हणतात. हा शब्द फारसी 'सर-ओ-पा', म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत, ह्यावरून आला. आणि आपला 'शिरपाव' तो हाच. एकच शब्द एका गांवांत दोन वेषांनीं वावरतो ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

शिरपाव नेहमीं वरून खालीं येतो. नजर मात्र खालून वर जाते. १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. तेथील दरबारांत रुमालावर अशरफी ठेवून नजर करीत. तिची फेड नाण्यानें होत नसे, कृपेनें होई. ह्या दोहोंहून आहेर निराळा. तो बरोबरीच्या माणसांत चालतो व त्याची फेड ठरलेली असते. म्हणून तर लग्नघरीं एक जण वही घेऊन बसतो. कोणी ह्यास हिशेबीपणा म्हणेल. परंतु घेणाऱ्यास मिंधेपण येऊं नये म्हणूनच ती वही असते.

श्रोतेहो, परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांची अडचण ह्या फेडीपाशींच सुरू होते. मिळालेली भेट न उघडतां बाजूस ठेवणें हा आपल्याकडे विनय. इंग्लंड-अमेरिकेंत देणाऱ्यासमोर वेष्टन सोडून आनंद बोलून दाखवावा लागतो. जपानांत पुन्हां आपल्याजवळचें वाटतें. तेथें लग्नांत पाकिटांतून पैसे देतात आणि नोटांची संख्या विषम ठेवतात, कारण सम संख्येचे दोन सारखे भाग पडतात. पुढें भेटीच्या सुमारें निम्म्या किमतीची वस्तु परत पाठवितात. आपली वहीच म्हणा ना! चिनी घरीं मात्र शुभकार्यास सम रक्कम देतात, विषम रक्कम अंत्यविधीची. आपले एकशेंएक रुपये तेथें सद्भावनेनें दिले तरी अशुभच.

सर्वांत नाजूक प्रश्न कचेरींतला. आदरानें वरिष्ठास दिलेलें उंची वस्त्र तिकडे परत आलें, तर मुलाच्या मनास तें लागतें. पण १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टानें कंपनीच्या नोकरांस येथील लोकांच्या भेटी घेण्याची बंदी केली, तेव्हांच आपली नजर त्यांच्या कायद्यांत लाचेशेजारीं जाऊन बसली होती. परत करणारा देणाऱ्याचा अपमान करीत नसतो, स्वतःची नोकरी सांभाळीत असतो. अशा ठिकाणीं घरच्या चिवड्या-लाडवांचा डबा सर्वांसाठीं मधल्या मेजावर ठेवावा, एकाच्या हातीं देऊं नये.