सत्तरीची भूमी आणि तिची माणसे

गोव्याच्या ईशान्य टोकास, सह्याद्रीच्या कुशीत सत्तरी तालुका वसलेला आहे. सत्तर गावांचा मुलूख म्हणून त्यास हे नाव पडले, असे मानले जाते. उत्तरेस महाराष्ट्रातील दोडामार्ग, पूर्वेस कर्नाटकातील खानापूर, पश्चिमेस डिचोली व दक्षिणेकडे धारबांदोडा हे त्याचे शेजारी तालुके होत. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६४ हजार आहे. वाळपई हे तालुक्याचे मुख्य ठिकाण.

गोव्यातील सर्वांत उंच शिखर, सोसोगड, याच तालुक्यात आहे. खानापूर तालुक्यातील देगाव परिसरात उगम पावणारी म्हादई नदी घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्रास मिळते. दाबोस येथे तिचे पाणी शुद्ध करून ते पिण्यासाठी पुरविले जाते. केरीजवळील अंजुणे धरणाच्या पाण्यावर शेती व बागायती पोसली जाते; मात्र या धरणासाठी काही गावांना आपली घरे सोडून मोर्ले येथील वसाहतीत नव्याने संसार मांडावे लागले, हेही विसरून चालणार नाही. १९९९ मध्ये सुमारे २०८ चौरस किलोमीटर क्षेत्र म्हादई अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यामुळे तालुक्याचा मोठा भाग आज संरक्षित वनक्षेत्रात मोडतो.

या भूमीवर माणसाने आपली खूण खोलवर उमटविली आहे. सखल भागात भातशेती, ओहोळाच्या काठाने माड, पोफळी, केळी व मिरवेल यांची कुळागरे, तर डोंगरउतारावर काजूच्या बागा दिसतात. पूर्वी डोंगरावर कुमेरी पद्धतीने नाचणी, वरी यांसारखी धान्ये पिकविली जात. माथ्यावरील वाड्यांत धनगर-गवळी समाज गुरे-म्हशी पाळून राहत आला आहे. गावोगावी वारुळाच्या रूपात सातेरीची पूजा होते आणि देवराईतील झाडांस कोणी कुऱ्हाड लावत नाही. ब्रह्माकरमळी येथील ब्रह्मदेवाची प्राचीन मूर्ती प्रसिद्ध आहे. झर्मे व करंबळी-बुद्रुक येथील रणमाले हे लोकनाट्य शिगम्याच्या दिवसांत आजही रंगते.

असे असले, तरी जो पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतो त्याचे नाव कागदावर असतेच असे नाही, हा सत्तरीचा जुना प्रश्न आहे. पोर्तुगीज अमदानीत येथील बरीचशी जमीन मोकासा पद्धतीने राणे घराण्यांच्या ताब्यात होती. कष्टकरी रयत उत्पन्नाचा वाटा देऊन ती कसत असे. याच सत्तरीत १८५२ साली दीपाजी राणे यांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध बंड झाले. गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा व १९७५ चा मुंडकार कायदा आला. तथापि मोकासा व वनजमिनीवरील अनेक कुटुंबांचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर चढले नाही. नाव नसले म्हणजे कर्ज, नुकसानभरपाई व शेतीविषयक योजनांचा लाभ मिळविताना अडचण येते.

वनजमिनीपुरता एक मार्ग २००६ च्या वनहक्क कायद्याने खुला केला आहे. तो अभयारण्यातील जमिनीसही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन प्रत्यक्ष ताब्यात असली पाहिजे. अनुसूचित जमातीखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथील वास्तव्य सिद्ध करावे लागते. जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य होतो. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. हा हक्क वारसांकडे जातो. मात्र ती जमीन विकता येत नाही.

दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो. ग्रामसभेची वनहक्क समिती जागेची पाहणी करते. नंतर प्रकरण उपविभागीय समितीकडे व तेथून अंतिम निर्णयासाठी जिल्हास्तरीय समितीकडे जाते. किमान दोन पुरावे आवश्यक असतात. जुना सरकारी कागद हाच पुरावा, ही समजूत बरोबर नाही. बांधलेली शेते, विहिरी, जुन्या घरांचे चौथरे, स्मशाने व देवस्थानाच्या जागा हेही पुरावे ठरतात. दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांनी दिलेले आणि लेखी नोंदविलेले निवेदनही ग्राह्य असते.

म्हणूनच सत्तरीचा भूगोल हा केवळ शाळेत पाठ करण्याचा विषय नव्हे. कोणता मळा कोणी बांधला, कोणती विहीर कोणाच्या आजोबांनी खोदली, ही माहिती आज वृद्धांच्या स्मरणात आहे. त्यांच्याबरोबर ती लोप पावेल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ती लिहून घ्यावी, ग्रामस्थांनी ग्रामसभेस आवर्जून उपस्थित राहावे आणि अधिकाऱ्यांनी कागदाबरोबर प्रत्यक्ष जागाही पाहावी. ज्या हातांनी ही डोंगराळ भूमी पिकती केली, त्यांचे नाव तिच्या दप्तरात यावे, यातच न्याय आहे.