कोजागिरीनंतरचा हिशेब

कोजागिरी उलटली की पर्जन्यछायेतल्या गावांत विहिरी वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतात. पावसाळा नुकताच सरलेला, ओढे अजून वाहते, आणि वीज असेल तोवर मोटारीला पाणी. नेमक्या याच दोन-तीन आठवड्यांत शेतकऱ्याला वर्षातला सर्वांत महागडा निर्णय घ्यायचा असतो. ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचे, कांदा लावायचा, की सरळ ऊस? तो विहिरीत डोकावतो, शेजाऱ्याने काय लावले ते पाहतो, गेल्या वर्षीचा भाव आठवतो आणि ठरवून टाकतो. फेब्रुवारीत आठ तास चालणारी मोटार दोन तासांवर येते. कांदा पोसायच्या वेळी विहीर तळ दाखवते. एप्रिलमध्ये बोअरची गाडी गावात शिरते आणि मे महिन्यात टँकर.

हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की आपण त्याचे खापर पावसावर फोडून मोकळे होतो. पाऊस लहरी आहेच. पण ऑक्टोबरात शिवाराखाली किती पाणी साठले हे मोजता येते, आणि ते कोणत्या पिकाला कुठवर पुरेल हेही बऱ्यापैकी सांगता येते. हे शास्त्र नवे नाही, अवघडही नाही. ते सरकारी यंत्रणेकडे आहे, विद्यापीठांकडे आहे, मोजक्या गावांकडेही आहे. ज्याला पेरणीचा निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापर्यंत मात्र ते वेळेवर पोहोचत नाही. महाराष्ट्राच्या पाणीप्रश्नातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी खर्चात भरून निघणारी उणीव आहे, असे माझे मत आहे.

राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर ओतत गेला आणि दख्खनचे पठार घडले. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात : वर माती, खाली मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि पुन्हा तोच क्रम. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. अखंड पाषाणात पाण्याला जागाच नाही. भूजलाच्या अंदाजासाठी झिजलेल्या बेसॉल्टमधून मिळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के धरतात. उत्तरेच्या गाळाच्या मैदानात हेच प्रमाण कित्येक पटींनी अधिक असते. म्हणजे आपल्याकडे विहिरीची पातळी एक मीटरने वाढली तर खडकात प्रत्यक्षात साठलेले पाणी दोनेक सेंटिमीटर उंचीचेच.

एक साधे गणित मांडू. हजार हेक्टरांचे गाव घ्या. पावसाळ्यात भूजलपातळी सरासरी पाच मीटरने वर आली आणि खडकाची देण्याची क्षमता दोन टक्के धरली, तर साठा झाला दहा लाख घनमीटर. दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर या हिशेबाने वर्षाला लागतात सुमारे ३० हजार घनमीटर, म्हणजे साठ्याच्या तीन टक्के. जनावरांसाठी आणखी काही सोडा. उरलेल्यातून हरभऱ्याला प्रत्येकी ६० मिलिमीटरच्या दोन पाळ्या द्यायच्या तर एका हेक्टरला १,२०० घनमीटर लागतात. जवळजवळ सारे शिवार भिजते. पाटाने पाणी दिलेला ऊस हेक्टरी वीस हजार घनमीटरच्या आसपास पितो. तेच पाणी उसाला दिले तर पन्नास हेक्टरांत संपते.

प्रत्यक्षात गणित इतके सरळ नसते. काही पाणी ओढ्यावाटे खालच्या गावाला जाते, दोन शेजारच्या शेतांतला खडक सारखा नसतो, ठिबकवरचा ऊस कमी पाणी घेतो. पण आकड्यांचे परस्परांशी नाते बदलत नाही. टँकर येतो तो पिण्यापुरते पाणी पडले नाही म्हणून क्वचितच. पिण्याचे तीन टक्के आधी बाजूला काढून ठेवले नाहीत, म्हणून तो येतो.

सरकारी मोजणी आहे, आणि ती चांगली आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात. या नोंदींची सलग मालिका हा महाराष्ट्राचा मोठा ठेवा आहे. तालुक्यात टंचाई कुठे येणार याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. मात्र राज्यात गावे चाळीस हजारांहून अधिक. दहा गावांमागे एक विहीर. बेसॉल्टमध्ये ओढ्याच्या दोन काठांवरच्या विहिरीही एकसारख्या वागत नाहीत. मग दहा कोसांवरच्या विहिरीची पातळी पाहून कोणी आपली पेरणी ठरवावी तरी कशी? पाणलोटाचा अंदाज यंत्रणेने करावा हे ठीक, पण शिवाराची मोजणी शिवारातल्या माणसांनीच करावी लागते. भूशास्त्र अवघड वाटत असेल, तर विहिरीच्या काठावर पांढऱ्या रंगाने एक कायमची खूण करायची, टोकाला वजन बांधलेला टेप सोडायचा, आणि मोटार बंद ठेवून रात्रभर स्थिरावलेली पातळी सकाळी वहीत उतरवायची. पर्जन्यमापक शाळेत बसवायचा. आठवीच्या मुलांना हे काम सहज जमते, आणि आवडतेही.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरावर सलग समतल चर, बांधबंदिस्ती, पाझर तलाव अशी कामे झाली. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी दाखवले ते हे. हिरवा डोंगर छायाचित्रात उठून दिसतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००४ पासून गावात मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाणी काढायचे. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे वजा करायचे. उरेल त्यावर रब्बीत किती क्षेत्र कोणत्या पिकाखाली घ्यायचे हे ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झालेल्या वर्षी जास्त पाण्याची पिके आपोआप बाहेर. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळीला मोकळीक नाही, हे नियमही त्याच हिशेबाला धरून आहेत.

पाणलोटाची कामे महाराष्ट्रात हजारो गावांत झाली. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन वर्षांत विहिरी भरल्या, लोक हरखले, आणि मग त्या भरलेल्या विहिरींवर नव्या मोटारी बसल्या. पाचव्या वर्षी गाव पुन्हा होते तिथे. साठा वाढवण्याला आपण जलसंधारण म्हणतो, खर्चावर बंधन घालण्याला मात्र आपल्या योजनांत शीर्षकच नसते. हिवरे बाजारने ही दुसरी बाजू सांभाळली. तिथले नेतृत्व असामान्य, म्हणून ते अन्यत्र घडणार नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. नेतृत्वाचे महत्त्व मी नाकारत नाही. पण वहीत आकडा उतरवण्यासाठी आणि तो गावापुढे वाचून दाखवण्यासाठी असामान्य माणूस लागत नाही.

हा विचार हिवरे बाजारच्याही आधीचा. १९७२ च्या दुष्काळाने हललेले विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. पेशाने अभियंता, पुण्यात अचूक मोजमापाची साधने बनवणारा कारखाना. नायगावला देवस्थानची चाळीस एकर उताराची पडीक जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली, तिथे पाणी अडवून दाखवले, आणि ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या माध्यमातून पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर : माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी सोबत विकता येत नाही. ऊस नाही. योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. मोजमाप करणाऱ्या माणसाने घालून दिलेली ही मांडणी आहे. किती पाणी आहे ते कळल्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, ते कोणाचे, आणि साळुंखे यांनी तो टाळला नाही. भारतातला कायदा आजही १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाच्या वळणाने चालतो. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. खडकातले पाणी मात्र सातबारा पाहून वाहत नाही. ज्याचा बोअर खोल, ज्याची मोटार मोठी, त्याच्याकडे ते जाते, आणि शेजारच्या उथळ विहिरीचे झरे आटतात.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरची फड पद्धत याच प्रश्नाचे शतकांपूर्वीचे उत्तर. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि प्रत्येक फडात शक्यतो प्रत्येकाचा तुकडा. पाटकरी पाणी देणार, जागल्या पिकाची राखण करणार, हवालदार देखरेख ठेवणार. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फड कमी करायचे, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. वरच्या भागात धरणे झाली, नद्यांचे बारमाही वाहणे थांबले, विहिरी वाढल्या, आणि फड आक्रसले.

शेतकऱ्यांना मोजणी शिकवण्यापुरते बोलायचे तर सर्वांत मोठा प्रयोग शेजारच्या राज्यात झाला. त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत २००३ पासून शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी आणि पाऊस मोजण्याचा कार्यक्रम चालला. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना त्यामागे होती. गावोगाव शेतकऱ्यांच्या पाणीशाळा भरल्या. जून ते मे असे पाण्याचे पूर्ण वर्ष तोच गट भेटत राहायचा, स्वतः घेतलेल्या नोंदींवरून आलेख काढायचा, आणि रब्बीच्या तोंडावर गावाला ताळेबंद सांगायचा. कोणावर बंदी नव्हती, अनुदान नव्हते, कोणते पीक घ्यायचे ते ज्याने त्याने ठरवायचे. तरी अनेक गावांत भाताचे क्षेत्र कमी झाले आणि उपसा घटला, असे जागतिक बँकेच्या २०१० च्या भूजलविषयक अहवालात नोंदले आहे. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. शेतकऱ्याला पाण्याची किंमत कळत नाही, त्याला दंडच केला पाहिजे, ही शहरातल्या चर्चांमधली आवडती समजूत या प्रयोगाने खोडून काढली. माहिती वेळेत आणि आपल्या माणसाकडून मिळाली, तर शेतकरी स्वतःच्या फायद्यासाठी पाणी जपतो.

आपल्याकडे दंडाचा मार्ग कागदावर आहे. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. बोअरच्या गाड्या त्यानंतरही रात्रंदिवस फिरत राहिल्या. केंद्राच्या अटल भूजल योजनेने राज्यातल्या १३ जिल्ह्यांत गावपातळीवरची मोजणी, पर्जन्यमापक आणि जलसुरक्षा आराखडे नेले. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी, म्हणजे ‘पोकरा’साठी, गावाचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवून दिली. ही कामे खरी आहेत. पण योजना संपते, नेमलेला कर्मचारी जातो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा ताळेबंद त्याच जुन्या आकड्यांसह पुढची तीन वर्षे तसाच राहतो. मोजणी ग्रामपंचायतीचे नियमित काम व्हायला हवी, शाळेच्या वेळापत्रकात असायला हवी. आणि ताळेबंदाच्या सभेत बायका हव्यात. उन्हाळ्यात हंडा घेऊन कोणत्या विहिरीवर कितव्या आठवड्यात जावे लागते याच्या नोंदी कोणी केलेल्या नाहीत, पण त्यांना त्या तोंडपाठ असतात.

शेततळ्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी शेततळे उत्तम. प्लास्टिक अंथरलेले मोठे शेततळे विहिरीतून आणि बोअरमधून भरणे ही मात्र वेगळी गोष्ट. खडकातले सामाईक पाणी अशाने एका खातेदाराच्या ताब्यात जाते, आणि उघड्यावर पडून वर्षाला दीड मीटरहून अधिक उंचीचे पाणी उन्हाने उडते. ज्याच्याकडे तळे त्याची द्राक्षबाग वाचते, हे खरे. म्हणूनच त्याला दोष देता येत नाही. तळ्यासाठी अनुदान देणाऱ्याने ते कशाने भरणार हे विचारायला हवे होते.

आणि शेवटी गोष्ट भावापाशी येते. कृषी खर्च आणि मूल्य आयोगाच्या अहवालात महाराष्ट्राच्या लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असे म्हटले होते. ऊस लावणारा अडाणी नाही. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने बांधलेला आहे, कारखाना तोड करून नेतो, गारपिटीत पीक पूर्ण जात नाही. हरभऱ्याला आधारभूत किंमत जाहीर होते, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजू शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. गावाने ऑक्टोबरात प्रामाणिकपणे ताळेबंद मांडला, ऊस टाळला, हरभरा-ज्वारी घेतली, आणि मार्चमध्ये भाव पडला, तर पुढच्या वर्षी त्या सभेला कोण येईल? ताळेबंद मांडून कमी पाण्याची पिके घेणाऱ्या गावांत खरेदी केंद्रे सर्वांत आधी उघडावीत, एवढी मागणी तरी आपण लावून धरली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. भूजल यंत्रणेची यादी ऑक्टोबरात पणन खात्याच्या टेबलावर पोहोचली, तरी याच रब्बीला सुरुवात करता येईल.