चकाकता चिखल

माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. शाळेतून आला तो कोपरापर्यंत चिखलाने माखून! युनिफॉर्मची पार वाट लागलेली. आणि दोन्ही हातांत एक चिखलाचा गोळा, अगदी जपून धरलेला. ‘‘आई, बघ ना!’’ म्हणाला. मी कुठली बघतेय? एक धपाटा घातला, गोळा मोरीत फेकला आणि त्याला नळाखाली उभं केलं. त्यानंतर तो मातीत खेळला नाही. ‘‘शहाणा झालाय हो आता,’’ असं मी शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगायचेसुद्धा.

मागच्या वर्षी जपानमधल्या एका खेळाविषयी वाचनात आलं आणि तो मोरीतला गोळा डोळ्यांपुढे आला. खेळाचं नाव ‘हिकारु दोरोदांगो’. ‘दोरो’ म्हणजे चिखल, ‘दांगो’ म्हणजे तांदळाच्या पिठीचे गोल गोळे, जपानी लोक आवडीनं खातात ते. ‘हिकारु’ म्हणजे चकाकणारा. थोडक्यात, चकाकता चिखलाचा लाडू! तिथल्या बालवाड्यांतली पोरं अंगणातली माती घेऊन हे लाडू वळतात आणि घासून घासून इतके गुळगुळीत करतात, की बघणाऱ्याला संगमरवराची गोटी वाटावी. भट्टी नाही, रंग नाही, पॉलिश नाही. माती, पाणी आणि हात, बस्स.

क्योतोच्या शिक्षण विद्यापीठात फुमिओ कायो नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलांच्या खेळाचा अभ्यास हा त्यांचा विषय. १९९९ साली त्यांनी तिथल्याच एका बालवाडीत असा गोळा पाहिला आणि ते त्याच्या नादालाच लागले. स्वतः करायला बसले, तर गोळे फुटायचे, नाहीतर चमकायचेच नाहीत. तब्बल दोनशे गोळे फुकट गेले म्हणे! शेवटी त्यांनी गोळा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला. तेव्हा कळलं, की वरच्या थरात मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना घट्ट बिलगून बसतात, म्हणून ती चमक. मग त्यांनी लहान मुलांनाही जमेल अशी रीत बसवून दिली, चमक मोजायची एक पट्टीदेखील तयार केली. प्राध्यापक माणूस चिखलाचे लाडू वळतोय, हे चित्र मला फार आवडलं. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी काय म्हटलं असतं, ते सांगायला नको.

आता तिथे मोठी माणसंही मन शांत व्हावं म्हणून हे करतात. आइची प्रांतात तोकोनामे हे कुंभारकामासाठी जुनं नावाजलेलं गाव आहे. तिथल्या इनॅक्स संग्रहालयात हे गोळे करायला शिकवतात.

म्हटलं, आपणही करून बघू. एका रविवारी मुलाला घेऊन बसले. तो आता नऊ वर्षांचा. आधी नाकच मुरडलं त्यानं. ‘‘हात घाण होतील,’’ म्हणाला. माझंच वाक्य!

आमच्या बार्शीची काळी माती घेतली, खडे वेचले, मळून पाणी पिळून काढलं आणि मुठीएवढा गोळा वळला. संध्याकाळपर्यंत त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, काळी माती वाळली की उलते. शेताला भेगा पडतात त्या दिसत नाहीत का? लाल माती आण. आणि वरून लावायची ती वस्त्रगाळ हवी.’’ आयुष्यभर भुई सारवलेली बाई! तिला मायक्रोस्कोप कशाला हवाय?

नर्सरीतून लाल माती आणली. गोळा वळला, त्यावर कोरडी माती भुरभुरून अंगठ्यानं हळूहळू फिरवत राहिलो. हात थांबला की गोळा एका बाजूला बसतो, म्हणून सारखा फिरवायचा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायचा. आतलं पाणी घामासारखं वर येतं. बाहेर काढून पुन्हा माती, पुन्हा पिशवी. उन्हात ठेवला की तडकलाच समजा. खाली चपटा होऊ नये म्हणून सासूबाईंनी जुन्या लुगड्याची छोटीशी चुंबळ करून दिली. शेवटी वस्त्रगाळ मातीवर तळवा टेकवायचा आणि जेवढी धूळ चिकटेल तेवढीच गोळ्यावर चोळायची. हे तास-दीड तास. नंतर मऊ कापडानं घासायचं.

त्या धुळीच्या वेळेला काय होतं, ते खरं सांगते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. डाळ लागली. घरात बसून, काही उपयोगाचं नसलेलं काम मी इतका वेळ केलंय, असं मला आठवत नाही. लोकरीचं विणलं तर स्वेटर होतो, निवडलं तर गहू होतो. ह्याचं काहीच होत नाही. पहिल्यांदा अपराध्यासारखं वाटलं, मग तेही विसरले.

मुलगा मान खाली घालून घासत होता. मध्येच, वर न बघता म्हणाला, ‘‘आई, तेव्हाचा माझा गोळा याच्यापेक्षा गोल होता.’’

चार वर्षं झाली होती. मला वाटलं होतं, तो विसरला असेल. ‘‘हो रे,’’ म्हटलं, ‘‘मी नीट बघितलाच नाही.’’ तो काही बोलला नाही. घासत राहिला.

माझा गोळा तिसऱ्या दिवशी टाचेसारखा भेगाळला. त्याचा मात्र चकाकला, अगदी खिडकीचे गज त्यात दिसावेत इतका. तो आता शोकेसमध्ये लग्नात आलेल्या काचेच्या हंसाशेजारी चुंबळीवर बसलाय. हात लावायची परवानगी फक्त आजीला. ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते.