स्वयंपाकघराची भिंत आणि घराचे नियम

जैन गृहस्थाच्या घरातील दिनक्रम घड्याळापेक्षा सूर्याच्या गतीशी अधिक बांधलेला असतो. डिसेंबर महिन्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. व्यापारी कुटुंबातील पुरुष मंडळी दुकान नोकरांवर सोपवून पाचच्या पुढे घरी येतात, मुले शाळेतून परततात, आणि जेमतेम एका तासात सात-आठ माणसांची पाने वाढली जावी लागतात. ही सारी धांदल पेलणारी खोली मात्र बहुतेक जुन्या सदनिकांत आठ बाय नऊ फुटांची, एकाच लहान खिडकीची आणि चारही बाजूंनी बंद असते. हिवाळ्यात साडेचारलाच तेथे दिवा लावावा लागतो. डाळ-तांदूळ निवडून-पाहून घ्यायचे, भाजीतील सूक्ष्म जीव न्याहाळायचे, आणि तेही अंधूक उजेडात, ही विसंगती अनेक घरांनी वर्षानुवर्षे सोसली आहे.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत काढण्याचा विचार आज पुष्कळ घरांत होतो. त्यास केवळ हौस म्हणता येणार नाही. भिंत निघाल्यास दिवाणखान्यातील पश्चिमेचा प्रकाश ओट्यापर्यंत पोहोचतो आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास खऱ्या अर्थाने वापरता येतो. शिवाय स्वयंपाक करणारी गृहिणी घरातील संभाषणापासून तुटत नाही.

बंद आणि आखूड स्वयंपाकघराची कल्पना तशी फार जुनी नाही. १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या महिला वास्तुरचनाकाराने सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. हाताशी सर्व वस्तू असाव्यात आणि गृहिणीची पायपीट वाचावी, हा त्यामागील हेतू होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे उभी राहिली. श्रम वाचले, परंतु एका वेळी एकच व्यक्ती उभी राहू शकेल अशा त्या खोलीत गृहिणी एकटी पडते, ही टीकाही पुढे झाली. सासू, सुना आणि मुली मिळून स्वयंपाक करणाऱ्या आपल्या एकत्र कुटुंबांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

एका घराचा अनुभव

पुण्याच्या बाजारपेठेलगत राहणाऱ्या एका सात जणांच्या कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात हे काम घरात राहूनच केले. या घरातील आजींचे वर्षीतप चालू होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, आणि दोन्ही दिवशी केवळ उकळलेले पाणी, हा क्रम अक्षय्य तृतीयेपर्यंत एकही दिवस खंडित होणे शक्य नव्हते. भाड्याच्या घरात जाण्याचा विचार झाला. परंतु पंचाहत्तरीच्या तपस्वी व्यक्तीला उपाश्रयापासून दूर नेणे कोणासही रुचले नाही. बाहेरून डबा मागवावा, तर कंदमूळ वर्ज्य असले तरी पाणी गाळलेले की न गाळलेले, पीठ कधीचे, स्वयंपाक कोणत्या वेळी झाला, याची खात्री कोण देणार?

आरंभी आजींचा या कामास विरोध होता. उघड्या स्वयंपाकघरात येणारा-जाणारा डोकावणार, पादत्राणे घालून कोणी ओट्यापर्यंत येणार, आणि परंपरेने जपलेली मर्यादा हळूहळू सुटणार, ही त्यांची भीती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. थोरल्या सुनेने वाद घातला नाही. एका सायंकाळी साडेपाचला दिवा न लावता तिने त्यांना निवडण्यासाठी तांदळाचे ताट दिले. आजींनी ते खिडकीशी नेले, थोडा वेळ पाहिले आणि परत आणून ठेवले. त्या एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, भिंत काढा. पण पाण्याची जागा हलवू नका."

ही एक अट संपूर्ण आराखड्याचा आधार ठरली. मारवाडी घरांत जिला परिंडा म्हणतात आणि गुजराती घरांत पाणियारू, ती पाण्याची जागा पूर्वेच्या कोपऱ्यात जशीच्या तशी राहिली आणि बाकीची मांडणी तिच्याभोवती बसविली गेली. योगायोगाने नळांची मुख्य वाहिनीही तेथेच असल्याने तोडफोड आणि खर्च दोन्ही कमी झाले.

हातोड्यापूर्वी अभियंता

भिंत पाडण्याचा निर्णय कुटुंबाचा असला, तरी ती पाडता येईल किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार स्थापत्य अभियंत्याचा आहे. जुन्या भारवाही बांधकामात नऊ इंच वा त्याहून जाड भिंतींवरच स्लॅबचा भार असतो. तेथे अशी भिंत काढणे म्हणजे वरच्या मजल्यांचा आधार काढणे होय. कॉलम आणि बीम यांच्या आरसीसी सांगाड्यात साडेचार इंची भिंत बहुधा केवळ आडोशाची असते. 'बहुधा' या शब्दावर मात्र घर सोडता येत नाही. भिंतीत कॉलम दडलेला असू शकतो, किंवा पूर्वीच्या मालकाने काही फेरफार केलेले असू शकतात.

घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चालू असलेल्या नूतनीकरणात इमारतीच्या आधाराला धक्का लागल्याचा आरोप त्यानंतर झाला. एका सदनिकेतील काम हे त्या सदनिकेपुरते कधीच नसते, हे त्या घटनेने दाखवून दिले. ज्या समाजात मुंगीच्या जिवाचा विचार होतो, त्या समाजातील गृहस्थाने वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या जिवाचा विचार प्रथम करावयास हवा.

वरील कुटुंबाच्या अभियंत्याने भिंतीच्या एका टोकाशी असलेला कॉलम दाखविला आणि अकरा फुटांपैकी केवळ सहा फूट भिंत काढण्यास संमती दिली. त्याचे लेखी पत्र व नकाशा जोडून सोसायटीकडे अर्ज केला गेला आणि लेखी परवानगी हाती आल्यावरच गवंडी आला. तोंडी होकारावर काम सुरू करणे हे व्यापाऱ्यांच्या सवयीचे असते. येथे मात्र कागदच उपयोगी पडतो.

कालावधी आणि जयणा

चातुर्मासात बांधकाम टाळण्याची परंपरा व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाची आहे. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक असते आणि गिलावा व लाकूडकाम नीट वाळत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर, मार्गशीर्षात काम सुरू झाले.

जुने कपाट वा ट्रॉली हलविताना आत मुंग्या आणि झुरळे असणारच. पाडकामाच्या आदल्या दिवशी सर्व खण रिकामे करून, दिवसाच्या उजेडात मऊ कुंचल्याने जीव हळूवारपणे बाहेर काढण्यास तीन तास लागले. फवारणी केली असती तर दहा मिनिटे लागली असती. परंतु जयणा केवळ काढण्यात नाही. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी रचना करण्यात ती अधिक आहे. फरशांच्या सांध्यांत इपॉक्सी भरणे, सिंकखालील नळाभोवतीची फट बुजविणे, मोरीस जाळीचे झाकण बसविणे आणि ओट्याखालील भाग कोरडा राहील असा उतार देणे, या साध्या गोष्टींनी पुढील अनेक वर्षांची हिंसा टळते. लाकूडकामासाठी प्लायवूड घेताना, पाण्याच्या जवळ आयएस ७१० मानकाचे आणि इतरत्र आयएस ३०३ मानकाचे घ्यावे. ओलाव्याने फुगलेले लाकूड हे कीटकांचे हक्काचे घर असते.

पाच आठवड्यांचे तात्पुरते स्वयंपाकघर

घरात राहून काम करताना पहिला नियम असा की, जुना ओटा तोडण्यापूर्वी नवी चूल पेटलेली असावी. या कुटुंबाने मागील गच्चीत लोखंडी टेबलावर दोन शेगड्यांची सोय केली. सिलिंडर उभाच, मोकळ्या हवेत आणि शेगडीच्या पातळीखाली ठेवला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून बंद शयनगृहात तात्पुरती शेगडी मांडणे धोक्याचे आहे. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो. त्याची वाहिनी हलविण्याचे काम तर वायू कंपनीच्या अधिकृत कारागिराखेरीज कोणाकडूनही करून घेऊ नये.

आजींच्या पाण्याचा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. उकळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहरांची असल्याने सकाळी एकदा गाळून उकळलेले पाणी दिवसभर पुरत असे. त्यासाठी वेगळी कळशी आणि गळणे आजींच्या खोलीत झाकून ठेवले गेले. कारागीर नऊला येत आणि साडेचारला काम थांबवीत. ही अट करारातच लिहिलेली होती. त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचा दीड तास धुळीविना मिळत असे.

धुळीचा बंदोबस्त हा दुसरा मोठा प्रश्न. सिमेंट आणि फरशी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, आणि ते फुप्फुसांस अपायकारक आहेत. दिवाणखान्याच्या बाजूने छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. फरशी व ग्रॅनाइट पाणी सोडूनच कापले जात होते आणि कारागिरांनाही मुखपट्ट्या दिल्या होत्या. दोन दिवसांतच पाडकाम संपविले. बांधकामाचा राडारोडा घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळा देण्याचा नियम २०१६ पासून आहे, त्यानुसार तो गोण्यांत भरून पाठविला गेला. पुढे क्रम असा राहिला: नळ आणि वीज, जलरोधक थर व त्याची चाचणी, गिलावा आणि त्यावर किमान सात दिवस पाणी मारणे, फरशी, ओटा, आणि सर्वांत शेवटी सुतार. क्रम बदलला की एकच काम दोनदा होते आणि पैसेही दोनदा जातात.

हिशेबाची बाजू

व्यापारी कुटुंबे दुकानात पै-पैचा हिशेब ठेवतात; घराच्या कामात मात्र तोच काटेकोरपणा सुटतो. पहिला मोह बिनबिलाच्या कामाचा. ५ लाख रुपयांच्या कंत्राटावर १८ टक्के दराने ९०,००० रुपये जीएसटी होतो, आणि ती रक्कम वाचविण्याचा मार्ग ठेकेदार स्वतःच सुचवितो. परंतु बिल नसले की कामात दोष निघाल्यास दाद मागण्यास आधार उरत नाही, आणि पुढे घर विकताना सुधारणेचा खर्च दाखविता येत नाही. पावत्या घराच्या कागदपत्रांतच ठेवाव्यात.

दुसरा मोह दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून पैसे उचलण्याचा. ती मर्यादा बँकेने माल आणि उधारीसाठी मंजूर केलेली असते. ती घराकडे वळविणे हा मंजुरीच्या अटींचा भंग आहे, आणि दिवाळीच्या खरेदीच्या वेळी खेळते भांडवल आटते, हे निराळेच. कर्ज हवेच असेल तर गृहसुधारणेचे स्वतंत्र कर्ज घ्यावे. जुनी करपद्धती निवडणाऱ्यास राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला कमाल ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही.

ठेकेदारास आगाऊ रक्कम अल्प द्यावी, पुढील हप्ते काम पूर्ण होईल तसे द्यावेत, आणि शेवटचे दहा टक्के एक महिना वापर झाल्यावर चुकते करावेत. अंदाजपत्रकावर पंधरा टक्के राखीव ठेवावेत, कारण भिंतीच्या आत काय आहे, हे ती फुटल्याखेरीज कळत नाही. वरील घरात गंजलेली जुनी नळवाहिनी सापडली आणि राखीव रकमेपैकी बरीचशी तिनेच घेतली.

मर्यादा कशी राहिली

सहा फुटांच्या मोकळ्या जागेत काचेचे सरकते दार बसले. तळण आणि फोडणीच्या वेळी ते बंद होते आणि एरवी उघडे राहते. धूर बाहेर नेणारी चिमणी बसविताना तिची वाहिनी शक्य तितकी आखूड आणि कमी वळणांची ठेवली. दाराच्या उंबऱ्याशी फरशीचा रंग बदलला आहे. त्यापुढे पादत्राणे जात नाहीत, हे पाहुण्यांनाही न सांगता समजते.

गोचरीचा विचार आराखड्यातच केला होता. वहोरावणाऱ्या व्यक्तीचा अग्नी आणि कच्चे पाणी यांच्याशी त्या क्षणी संपर्क नसावा, म्हणून शेगडी व सिंक यांपासून दूर, दाराजवळ दोन फुटांचा कोरडा ओटा राखला आहे. काम चालू असताना पाच आठवडे साध्वीजींचा लाभ घरास मिळाला नव्हता, आणि सर्व गैरसोयींत हीच गोष्ट घरच्यांना सर्वाधिक बोचली होती.

घराची मर्यादा भिंतीच्या विटांत नसते. ती घरातील माणसांच्या नियमांत असते, आणि ते नियम ज्या वयोवृद्धांनी जपले त्यांना विचारून केलेला बदल घराला पेलतो. नूतनीकरणाचा आराखडा कागदावर येण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक स्त्रीस आणि व्रत-नियम पाळणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठास एकच प्रश्न विचारावा: यातील कोणती गोष्ट हलता कामा नये? त्याच्या उत्तरापासून आखणी सुरू केली, तर बाकी भिंती कोठे असाव्यात, हे ठरविणे फारसे कठीण जात नाही.