चाळीस मिनिटांचा वाद्यवृंद

एका मराठी मालिकेच्या शीर्षकगीतात मागून भरून येणारी व्हायोलिन्स मला फार आवडायची. दहा-बारा जण तरी वाजवत असतील, असं वाटायचं. ती सगळी डोंबिवलीतल्या एका वन बीएचकेच्या आतल्या खोलीत एकाच माणसाने वाजवली आहेत, असं ओळखीच्या ध्वनिमुद्रकाने सांगितलं आणि ते काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला राहवेना.

जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉलमध्ये ऐंशी ओलांडलेल्या आजी आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघत होत्या. आतल्या खोलीच्या कडीला लाल पंचा बांधलेला. तो असेपर्यंत घरात भांडं हलवायचं नाही, नळ सोडायचा नाही. वहिनींनी मला खुणेनेच बसायला सांगितलं.

"दिवसातली खरी शांतता ४० मिनिटं," बाहेर आल्यावर व्हायोलिनवादक म्हणाले. सकाळी पाण्याचा पंप, मग घरोघरचे कुकर, मग वरच्या मजल्यावर फरशी कापायचं मशीन. कामगार जेवायला बसतात दोनला आणि शाळेच्या व्हॅन गल्लीत शिरतात दोन चाळीसला. मधल्या वेळेत आड येतात ती फक्त कबुतरं आणि गाड्यांचे भोंगे. रात्री का नाही, असं मी विचारलं. "शेजारीही दिवसभर लोकलने दमून आलेले असतात, ताई. त्यांची झोप मोडून मला वाजवायचं नाही."

घरून काम करणाऱ्यांना सल्ले पुष्कळ मिळतात: पहाटे उठा, वेळ ठरवा, फोन दूर ठेवा. ते सगळं ते करतातच. पण या सल्ल्यांमध्ये दार लावलं की शांतता आपोआप मिळते असं धरलेलं असतं. इथे ती तीन माणसं मिळून रोज राखतात, आणि बिलावर नाव एकाचंच असतं. सकाळ जाते संगीतकाराने रात्री पाठवलेला कच्चा ट्रॅक ऐकण्यात, स्वरलेखन करण्यात आणि म्यूट लावून बोटं मोकळी करण्यात. दुपारनंतर फायली निवडून पाठवायच्या. संध्याकाळी साडेसहाला न्यू जर्सीतल्या मराठी मुलांची शिकवणी असते. तिकडची घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की तीच साडेसातला सरकते आणि आजींच्या जेवणाची वेळही तिच्यामागोमाग सरकते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला आत बसू दिलं. पावसाळ्याचे दिवस. लाकडी कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकलेली, आत गोधड्या आणि साड्यांच्या चळती. ते कपाटाकडे तोंड करून बसतात, म्हणजे भिंतींवरून परतणारा आवाज गोधड्या शोषून घेतात. पंखा बंद. पाचच मिनिटांत त्यांच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. दमट हवेने गजाचे केस सैल पडतात आणि खुंट्या फुगून अडकतात. सुरुवातीची मिनिटं त्यातच गेली. गजाला राळ लावली तसा खोलीत पाइनचा मंद वास पसरला. ए तार ४४० हर्ट्झला आली आणि त्यांनी हेडफोन चढवला.

पहिला टेक झाला. तोच संगणकात आठ वेळा उतरवता येणार नाही का, असं मी विचारलं. "तो मोठा होईल, आठ होणार नाही." आठ माणसं एकत्र वाजवतात तेव्हा कुणाचा सूर केसभर वर असतो, कुणी किंचित उशिरा शिरतो, प्रत्येकाच्या बोटाचा कंप वेगळा. त्या फरकांतूनच भरीव नाद तयार होतो. हुबेहूब प्रती एकावर एक ठेवल्या तर फक्त आवाज वाढतो.

म्हणून प्रत्येक टेकला त्यांना वेगळा माणूस व्हावं लागतं. दुसऱ्या टेकला त्यांनी खुर्ची हातभर मागे घेतली आणि गज घोडीच्या जवळ दाबून चालवला. तिसऱ्याला दुसरं व्हायोलिन उचललं, उभे राहिले, कंप रुंद केला. चौथ्याला प्रत्येक ओळीत अगदी निसटता उशीर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. खांदे बदलत होते, हनुवटी टेकवायची पद्धत बदलत होती.

हे चौघं काल्पनिक नाहीत, हे त्यांनी नंतर सांगितलं. नव्वदच्या दशकात दादरला गाडी बदलून ते ताडदेवच्या फिल्म सेंटरला जायचे. तिथे त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांचे हे हात आहेत. गज दाबणारे गोव्यातल्या सासष्टीचे होते, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईत आलेले. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद गोव्याच्या अशाच वादकांनी उभा केला. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव, प्यारेलाल त्यांचे शिष्य. उशिरा शिरणारे गिरगावातले, प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकून या वाद्याकडे वळलेले. चौघांपैकी तिघं आता नाहीत. "त्यांचा हात माझ्या कानात आहे, तोवर तो वाजवायचा," ते म्हणाले आणि पाचव्या टेकसाठी वियोला उचलला.

चाळीस मिनिटांत नऊ ट्रॅक. मग वरचं मशीन सुरू झालं.

घरून कामाने त्यांना जगवलं, हे मी नाकारत नाही. वाद्यवृंदांची जागा सिंथेसायझर आणि संगणकाने घेतली, तेव्हा कितीतरी वादकांची वाद्यं पेटीत गेली. यांना आज महिन्याला काम आहे. पण त्या काळी चुकलं की शेजारचा कोपराने ढोसायचा, चहाच्या वेळी बोटांची मांडणी दाखवायचा. हे चार हात यांना आले ते त्या शेजारामुळे. इथे शेजारी कपाट आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, पण यांच्या हाती ठरलेली एकरकमी रक्कम येते आणि विषय संपतो. ज्या संगीतकारांसाठी ते वाजवतात, त्यांतल्या बहुतेकांना ते भेटलेलेही नाहीत. हे मला बोचतं.

अलीकडे त्यांनी शेजारच्या इमारतीतल्या एका विद्यार्थिनीला शनिवारी सोबत वाजवायला बसवायला सुरुवात केली आहे. दोन खुर्च्या, एकच माइक, एकच कागद. ती चुकते, थांबावं लागतं, आणि त्या ४० मिनिटांत नवाऐवजी पाच ट्रॅक होतात. तिचे पैसे ते आपल्या बिदागीतून देतात. हिशेबात हे बसतं का, असं मी विचारलं.

"नाही बसत," ते म्हणाले. "पण ती माझ्यासारखी वाजवत नाही. मला तो एक हात नव्याने मिळतोय, आणि तिला चार."

वहिनींनी मध्येच विचारलं, परीक्षा संपल्यावर ती बुधवारीही येईल का? मग त्या दिवशीचं गहू दळायचं काम त्या सकाळीच उरकतील.