उयुनीचें मीठरान आणि बॅटरीचा कारखाना

दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६५० मीटर उंचीवर, उयुनी नांवाचें विस्तीर्ण मीठरान आहे. त्याचें क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. मिठाच्या कवचाखालील खाऱ्या पाण्यांत लिथियम विरघळलेलें आहे. ग्रीक भाषेंत ‘लिथॉस’ म्हणजे पाषाण. १८१७ सालीं स्वीडनमध्यें हा धातु एका खनिजांत सांपडला, म्हणून हें नांव. पाण्यांत सांपडता तर त्याचें बारसें निराळें झालें असतें!

खिशांतील मोबाइल आणि विजेवर धांवणारी मोटार ह्यांच्या बॅटऱ्यांस लिथियम लागतें. भूगर्भशास्त्रज्ञांच्या अंदाजानें बोलिव्हियांत तें २ कोटी टनांहून अधिक आहे. मग हा देश बॅटऱ्यांचा व्यापारी कां झाला नाहीं, असें वाचक सहजच विचारतील.

उयुनी ज्या पोतोसी प्रांतांत आहे, तेथीलच सेरो रिको डोंगरांत १५४५ सालीं चांदी सांपडली. ती शतकानुशतकें स्पेनकडे गेली. डोंगर खणणारे मात्र दरिद्रीच राहिले. ही आठवण तेथें अद्याप बुजलेली नाहीं. म्हणून २००८ सालीं एव्हो मोरालेस ह्यांच्या सरकारनें उयुनीचा उद्योग राष्ट्राच्या अग्रक्रमाचा ठरविला, आणि लिथियम कच्चें न विकतां बॅटरीपर्यंत सारें देशांतच करण्याचा संकल्प सोडला. २०१८ सालीं एका जर्मन कंपनीशीं भागीदारीही ठरली. परंतु प्रांताला मिळणारा वांटा अगदींच अल्प, म्हणून पोतोसीकर रस्त्यावर उतरले, व २०१९ च्या नोव्हेंबरांत ती योजना रद्द झाली. ज्यांच्या घरची चांदी एकदां गेली, त्यांचा हा संशय अवाजवी म्हणवत नाहीं.

निसर्गही अनुकूल नाहीं. खारें पाणी उथळ तळ्यांत भरून उन्हांत आटवावें लागतें. शेजारच्या चिलीमधील अटाकामा वाळवंटांत हें उत्तम साधतें. उयुनींत पावसाळा आड येतो, आणि लिथियमच्या संगतीस मॅग्नेशियम इतकें कीं, दोहोंस वेगळें करणें जिकिरीचें. वर्षाला १५,००० टन लिथियम कार्बोनेट काढण्याच्या क्षमतेचा कारखाना २०२३ च्या डिसेंबरांत उघडला. संकल्पाला तोंवर पंधरा वर्षें लोटलीं होतीं.

त्यांतून कार्बोनेट म्हणजे बॅटरी नव्हे. बॅटरीच्या वजनांत लिथियम अगदीं थोडें. ग्राफाइट, तांबें, ॲल्युमिनियम, कांहीं प्रकारांत निकेल, आणि ह्या सर्वांची अचूक जुळणी करणारा कारागीर, हें सारें हवें. ही बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली ती सोनी कंपनीनें, आणि जपानांत लिथियमचीं मीठरानें नाहींत.

२०१४ सालीं पोतोसीजवळ ला पाल्का येथें चिनी यंत्रें बसवून बॅटऱ्यांचा एक प्रायोगिक कारखाना निघाला. मालाच्या मानानें तो लहानच; तरी मला मोठ्या करारांपेक्षां त्याचेंच अगत्य अधिक वाटतें, कारण ह्या विद्येचे धडे देशांतल्या देशांत गिरविण्याची सोय तेथें झाली.